शेल कॅमिओ पहिल्यांदा घेताना: ओळख, पारख आणि जपणूक

जुन्या दागिन्यांच्या बाजारात एक अंडाकृती ब्रोच हटकून दिसतो. तपकिरी किंवा नारिंगी पार्श्वभूमीवर पांढरा उठावदार चेहरा, भोवती सोन्याची किंवा चांदीची चौकट. हा शेल कॅमिओ. तो मोठ्या समुद्री शंखाच्या एकाच तुकड्यातून हाताने कोरलेला असतो. पांढरा चेहरा वरून चिकटवलेला नसतो आणि तपकिरी रंग कुणी दिलेला नसतो. दोन्ही त्या शंखाचेच थर. एवढं पक्कं लक्षात राहिलं तरी निम्मी पारख साधते.

मी इंग्लंडमध्ये राहते आणि इथल्या जुन्या बाजारांतून कॅमिओ बघत, घेत आले आहे. भारतातून येणाऱ्या मैत्रिणी आणि नात्यातल्या मुली मला तेच तीन प्रश्न विचारतात: हा खरा आहे का, किती जुना आहे, आणि घरी नेता येईल का? त्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं एका जागी मिळावीत म्हणून हे लिहिते आहे. एक सांगून ठेवते. चेहरा गोड आहे म्हणून कॅमिओ घेऊ नका. शंख बघा आणि कोरणाऱ्याचा हात बघा. गोड चेहरा साच्यातूनही निघतो.

सोबत काय ठेवायचं

- दहापट मोठं दाखवणारं भिंग. सोनार वापरतात तेच.
- छोटा टॉर्च. मोबाइलचा चालतो.
- मिलिमीटरच्या खुणांची पट्टी.
- मऊ सुती कापड.
- नोंदीसाठी वही. तुकडा कुठे घेतला, कधी घेतला आणि विकणाऱ्याने तो काय म्हणून दिला, हे तिथल्या तिथे लिहा.

तापवलेली सुई, लिंबू किंवा व्हिनेगर यांनी परीक्षा करायचा सल्ला इंटरनेटवर भरपूर मिळतो. त्याच्या वाटेला जाऊ नका. शंख म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. आम्ल लागलं की तो जागेवर विरघळतो, सुईने कायमचा डाग पडतो. अशा परीक्षेत खरा तुकडाच खराब होतो.

१. शंख कोणता आहे ते ओळखा

कॅमिओसाठी सगळे शंख चालत नाहीत. आपल्या देवघरातला शंख जवळपास सगळा पांढरा असतो. त्यात कितीही सुंदर कोरलं तरी चित्र आणि पार्श्वभूमी वेगळी दिसणार नाही. कॅमिओला एकमेकांवर बसलेले दोन वेगळ्या रंगांचे थर लागतात. ते बहुतांशी हेल्मेट शेल नावाच्या जाड, फुगीर शंखांत मिळतात. बाजारात मुख्यतः चार प्रकार भेटतील.

पहिला कॅसिस मादागास्कारिएन्सिस. इटालियन कारागीर याला सार्दोनिका म्हणतात. पांढऱ्या थराखाली गडद, कॉफीसारखा तपकिरी थर असतो. फरक सगळ्यांत ठसठशीत दिसतो म्हणून मान्यवर कारागिरांची पसंती यालाच. नाव मादागास्करचं असलं तरी हा शंख राहतो कॅरिबियन समुद्रात आणि फ्लोरिडा-बहामाच्या बाजूला. नाव देताना लामार्क या फ्रेंच प्राणीशास्त्रज्ञाची ठिकाणाबद्दल गल्लत झाली आणि ठिकाण चुकलं म्हणून शास्त्रीय नाव बदलत नाही. त्यामुळे 'मादागास्करचा शंख' म्हणून कुणी विकू लागला तर तेवढ्यावर भाव चढवून देऊ नका.

दुसरा सायप्रिकॅसिस रूफा, कारागिरांच्या भाषेत कॉर्निओला. हा पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याकडून येतो. पार्श्वभूमी नारिंगी, कधी विटकरीकडे झुकणारी. पर्यटकांच्या दुकानांत हाच जास्त दिसतो. तिसरा कॅसिस कॉर्नुटा. याचा आतला थर फिकट नारिंगी, पांढऱ्याशी फरक सौम्य. चौथा गुलाबी क्वीन काँच, हा हेल्मेट शेल नाही. कोरल्यावर फार नाजूक दिसतो, पण उजेडात गुलाबी रंग हळूहळू उडतो. जुना तुकडा जवळजवळ पांढरा झालेला असेल तर त्याचं कारण बहुतेक हेच.

आता भारतातल्या वाचकांनी नीट वाचावं असा भाग. यातले दोन, म्हणजे कॅसिस कॉर्नुटा आणि सायप्रिकॅसिस रूफा, भारताने २००१ मध्ये वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत घातले. त्या अनुसूचीतल्या प्राण्यांना सर्वांत कडक संरक्षण असतं. क्वीन काँच १९९२ पासून साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणजे देशाबाहेर नेताना परवान्याचा प्रश्न येतो. म्हणून शंख ओळखणं ही केवळ हौशी माणसाची माहिती नाही. भारतात न्यायचा असेल तर माझं मत स्पष्ट आहे: सार्दोनिका घ्या, बाकीच्यांच्या मोहात पडू नका.

२. तो कोरतात कसा ते समजून घ्या

हे समजल्याशिवाय खरा-खोटा ओळखता येत नाही, म्हणून इथे जरा थांबते.

शेल कॅमिओचं माहेर म्हणजे तोर्रे देल ग्रेको. इटलीत नेपल्सच्या आखातावर, व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या पायथ्याशी वसलेलं गाव. १७९४ च्या उद्रेकात लाव्हा गावातून वाहत समुद्रापर्यंत गेला आणि लोकांनी त्याच जागी पुन्हा घरं बांधली. गावाचा मूळ धंदा समुद्रातून पोवळं काढण्याचा. आपले सोनार 'इटालियन पोवळं' म्हणून जे दाखवतात, त्या व्यवहारात या गावाचं नाव जुनं आहे. भूमध्य समुद्रातलं पोवळं अठराव्या शतकात इटलीतल्या लिव्होर्नो बंदराच्या व्यापाऱ्यांमार्फत गोव्यापर्यंत येई आणि बदल्यात इकडून हिरे जात. १८०५ मध्ये मार्सेयहून आलेल्या पाओलो बार्तोलोमेओ मार्तेन याला नेपल्सच्या राजाकडून तोर्रे देल ग्रेकोत पोवळं घडवण्याचा दहा वर्षांचा मक्ता मिळाला. तोवर पोवळं काढायचं इथे आणि घडवायचं दुसरीकडे असं चाले. त्यानंतर घडवणारे हात गावातच तयार झाले आणि तेच हात शंखाकडे वळले. १८७८ मध्ये तिथे सरकारी शाळा निघाली, तिथे हे कोरीवकाम शिकवलं जाऊ लागलं.

काम असं चालतं. आधी शंख निवडतात. तो उजेडाला धरून थर कसे बसलेत, कुठे किडीची भोकं आहेत, कुठे तडा आहे ते पाहतात. मग शंखाचा फुगीर घुमट कापून वेगळा काढतात. त्यावर पेन्सिलीने अंडाकृती आखतात आणि पांढरा थर कुठे किती जाड आहे त्यावरून कुठल्या तुकड्यात काय बसेल ते ठरतं. चांगला कारागीर आधी तुकडा बघतो, मग चित्र ठरवतो. एखाद्या जागी शंखाला गाठीसारखा उंचवटा असेल तर तिथे केसांचा अंबाडा किंवा खांदा बसवतो, म्हणजे उंचवट्याचा उठाव वाया जात नाही.

कापलेला तुकडा लाकडी दांड्याच्या टोकाला राळेने चिकटवतात. आपल्याकडे नक्षीकाम करणारे सोनार पत्र्याखाली राळ घेतात, तशीच ही राळ. आता दांडा डाव्या हातात, कोरणी उजव्या हातात. ही पोलादी कोरणी म्हणजे बुलीनो. कारागिरापुढे वेगवेगळ्या जाडीच्या आणि टोकांच्या कोरण्या मांडलेल्या असतात. शंखाचा बाहेरचा खरबरीत थर आधी जातो. खाली पांढरा लागतो. आकृतीची कडा कोरून भोवतालचा पांढरा भाग उतरवत उतरवत तपकिरी थर उघडा करतात. खरी कसोटी इथून पुढे लागते. गालावर पांढरा जाड ठेवायचा, ओढणीच्या जागी दुधावरच्या सायीइतका पातळ करायचा, म्हणजे खालचा तपकिरी त्यातून झिरपून दिसतो आणि कापड पारदर्शक वाटतं. चुकून एक घाव खोल गेला तर तपकिरी डाग कायमचा चेहऱ्यावर. पांढरा परत लावता येत नाही. शेवटी प्युमिसची पूड आणि ऑलिव्ह तेलाने घासून, धुऊन झिलई देतात.

यावरून तीन गोष्टी पदरात पाडून घ्या. शंख वळलेला असतो म्हणून खऱ्या कॅमिओची पाठ आतल्या बाजूला खोलगट असते. कोरणी ओढलेली असते म्हणून भिंगाखाली बारीक समांतर रेघा दिसतात. पांढरा थर सगळीकडे सारखा जाड नसतो, म्हणून रंगाच्या छटा बदलत जातात.

३. चित्र वाचा, काळाचा अंदाज घ्या

कॅमिओ ही कला शंखाहून खूप जुनी आहे. प्राचीन काळी ती सार्डोनिक्स, अगेट अशा थरांच्या दगडांत कोरली जाई. व्हिएन्नातलं जेम्मा ऑगस्टिआ आणि नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयातली फार्नेसे तबकडी ही तिची शिखरं. कठीणपणा मोजणाऱ्या मोह्स मापावर हे दगड ६.५ ते ७. ते चाकावर, कठीण दगडांच्या पुडीने घासून कोरावे लागतात. शंख ३ ते ४ च्या दरम्यान. त्यावर नुसत्या हाताने पोलादी कोरणी चालते. त्यामुळे युरोपात प्रबोधनकाळापासून शंखावर काम होत असलं तरी त्याचे चांगले दिवस आले एकोणिसाव्या शतकात. नेपोलियनने १८०४ च्या राज्याभिषेकासाठी करून घेतलेल्या मुकुटात कॅमिओ जडवलेले होते, त्यामुळे फॅशनला राजाश्रय मिळाला. व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियम आणि पाँपेई या रोमन शहरांची उत्खननं बघायला येणारे श्रीमंत प्रवासी रोम आणि नेपल्समधून आठवण म्हणून कॅमिओ नेत. त्यांना दगडापेक्षा स्वस्त आणि लवकर मिळणारं काही हवं होतं, ते शंखाने दिलं. पुढे राणी व्हिक्टोरियाच्या आवडीमुळे इंग्लंडात घरोघरी ब्रोच पोचले.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातले आणि मध्यावरचे विषय बहुतेक ग्रीक-रोमन पुराणांतले. ओळखायच्या खुणा सोप्या आहेत.

- केसांत द्राक्षाची पानं आणि घड असतील तर बॅकांटे, मद्यदेवाची भक्तीण.
- डोक्यावर चंद्रकोर असेल तर डायाना.
- शिरस्त्राण असेल तर अथीना म्हणजे मिनर्व्हा.
- फुलपाखराचे पंख असतील तर सायकी.
- केसांत साप आणि कपाळावर छोटे पंख असतील तर मेड्युसा.
- गरुडाला वाटीतून पाजणारी तरुणी म्हणजे हिबी.
- विहीर, पूल, घर आणि घागर घेतलेली मुलगी म्हणजे विहिरीवरची रिबेका. हा विषय मात्र बायबलमधला.

'रात्र' आणि 'दिवस' ही जोडी फार दिसते. डॅनिश शिल्पकार थोरवाल्डसेनने १८१५ मध्ये रोममध्ये केलेल्या दोन गोल शिल्पांची ती प्रतिकृती असते. रात्रीच्या कुशीत झोपलेली दोन बाळं आणि मागे घुबड. दिवस फुलं उधळत जाते, खांद्यामागे मशाल घेतलेलं मूल. या जोडीतला तुकडा १८१५ च्या आधीचा असूच शकत नाही, हा तारखेचा पक्का आधार.

नाव-गाव नसलेल्या सुंदर बाईचा बाजूने दिसणारा चेहरा शतकाच्या उत्तरार्धात वाढत गेला आणि आजही तोच सर्वांत जास्त विकला जातो. विक्रेते सांगतात की सरळ रोमन नाक म्हणजे जुनं आणि टोकाला वर वळलेलं छोटं नाक म्हणजे विसाव्या शतकातलं. हा ठोकताळा बऱ्याचदा लागू पडतो, कारण प्रत्येक पिढीने आपल्या काळातला सुंदर चेहरा कोरला. नुसत्या नाकावर पैसे मोजू नका, केशरचनाही बघा. आखूड कुरळे केस दिसले की १९२० नंतरचा विचार करायचा.

४. पालथा करून बघा

दुकानदार पुढची बाजू दाखवतो, तुम्ही मागची मागून घ्या. बहुतेकदा तारखेची खरी साक्ष तिथेच असते.

अडकवण्याचा आकडा साधा सी अक्षरासारखा, कुलूप नसलेला असेल आणि सुई चौकटीच्या बाहेर थोडी डोकावत असेल, तर तुकडा बहुतेक एकोणिसाव्या शतकातला. बिजागरी नळीसारखी लांबट असेल तर त्याला दुजोरा मिळतो. फिरवून बंद होणारा सुरक्षित आकडा दिसला की विसावं शतक धरा. पण आकडे बदलले जातात. जुन्या कॅमिओला नवा आकडा आणि नव्या कॅमिओला जुनी चौकट, दोन्ही भेटतं. आकड्याभोवती वेगळ्या रंगाचा डाग, झाळण्याचा गोळा असं काही दिसलं तर दुरुस्ती झाली आहे असं समजा. दुरुस्ती वाईट नाही, फक्त ती किंमतीत दिसायला हवी.

मग शिक्के बघा. ८०० म्हणजे दर हजारी ८०० चांदी, युरोपातल्या चौकटींवर नेहमी दिसणारी. ७५० म्हणजे १८ कॅरट. ब्रिटिश चौकटीवर ३७५ असेल तर ते ९ कॅरट, म्हणजे सोनं चाळीस टक्क्यांहूनही कमी. आपल्याकडे २२ कॅरटची सवय असते म्हणून हा आकडा मुद्दाम विचारा. शिक्का नसलेला पिवळा धातू पिंचबेक असू शकतो. लंडनच्या क्रिस्टोफर पिंचबेक या घड्याळजीने अठराव्या शतकात काढलेला तांबं-जस्ताचा, सोन्यासारखा दिसणारा मिश्रधातू. चौकट पिंचबेकची म्हणून कॅमिओ कमी दर्जाचा ठरत नाही. कितीतरी सरस तुकडे त्यात बसवलेले आहेत.

सही असेल तर भिंगाने वाचा. रोममधल्या तोम्माझो साउलिनी (१७९३–१८६४) आणि त्याचा मुलगा लुइजी यांच्या सह्या संग्राहक शोधत असतात. म्हणूनच सही दिसल्यावर आधी काम बघा. कामाचा दर्जा सहीला साजेसा नसेल तर सही नंतर खरवडलेली असण्याची शक्यता मोठी.

फसवणूक या क्षेत्राला नवी नाही. बेनेदेत्तो पिस्त्रुच्ची या रोमन कारागिराने दगडात कोरलेली फ्लोरा देवी एका दलालाने प्राचीन म्हणून रिचर्ड पेन नाइट या इंग्रज संग्राहकाला विकली. पुढे लंडनला आलेल्या पिस्त्रुच्चीने ती पाहिली आणि 'ही माझी' म्हणून सांगितलं, तरी नाइट मानायला तयार नव्हता. तो कॅमिओ आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. याच पिस्त्रुच्चीने १८१७ च्या ब्रिटिश सोन्याच्या नाण्यासाठी घोड्यावरचा सेंट जॉर्ज आणि ड्रॅगन कोरला. १९१८ मध्ये तीच नाणी मुंबईच्या टांकसाळीतही पाडली गेली. घरात आजीच्या गिन्या असतील तर त्यांच्यावर ते चित्र बघा. कॅमिओ कोरणाऱ्याचा हात कसा असतो ते कळेल.

५. उजेडाला धरा, मग भिंग लावा

टॉर्च मागे धरा. खऱ्या शंखातून उजेड झिरपतो. पांढरा आणि तपकिरी थर वेगवेगळे उजळतात आणि आकृती मागूनही सावलीसारखी दिसते. याच वेळी तडे दिसतात. शंखाच्या वाढीच्या नैसर्गिक रेषाही दिसतील, त्यांना घाबरू नका. फरक असा: वाढीची रेषा नखाला लागत नाही, तडा लागतो. कडेपर्यंत गेलेला तडा पुढे वाढू शकतो. चेहऱ्यातून गेलेला तडा असेल तर तुकडा कितीही देखणा असो, मी तो सोडते.

मग भिंग. नाकाचं टोक, हनुवटी, केसांच्या बटा या सर्वांत उंच जागा आधी बघा. घासून पुसून त्या गोल झाल्या असतील तर कोरीवकामाचा धारदारपणा परत येणार नाही. कानाची पाळी, केसांच्या बटांमधली खाच, बोटांमधली जागा इथे कारागिराचा हात कळतो. घाईच्या कामात बटा म्हणजे नुसत्या समांतर रेघा असतात. सावकाश केलेल्या कामात एक बट दुसरीच्या खालून जाऊन पुन्हा वर येते.

६. नकली कसे ओळखायचे

साच्यातलं प्लास्टिक सर्वांत जास्त. ते हलकं असतं, हातात लगेच कोमट होतं, आणि भिंगाखाली कडा गोलसर, जागोजागी हवेचे बुडबुडे. पाठ सपाट. जुनं सेल्युलॉइड असेल तर अंगठ्याने जोरात चोळल्यावर कापरासारखा वास येतो.

दुसरा प्रकार जास्त चकवणारा: वरची आकृती कोरलेली किंवा साच्यातली, आणि ती काळ्या दगडावर किंवा काचेवर चिकटवलेली. आकृतीच्या कडेने भिंग फिरवा. दोन रंगांच्या मध्ये सरळ, स्वच्छ रेघ आणि तिच्यात गोंदाची चकाकी दिसली तर जोडकाम आहे. खऱ्या शंखात पांढरा तपकिरीत उतरताना मधे छटा असतात.

तिसरा प्रकार यंत्राने, अल्ट्रासोनिक पद्धतीने कोरलेला अगेटचा. तो खोटा दगड नाही, पण हाताचं कामही नाही. पृष्ठभाग सगळीकडे एकसारखा, नुकत्याच पडलेल्या बर्फासारखा कणीदार दिसतो आणि कोरणीची रेघ कुठेच नसते. हाताच्या कामाच्या भावात तो घेऊ नका. निळ्यावर पांढरं वेजवूडचं काम मात्र यात मोजू नका. ते साच्यातून काढलेली चिनीमाती म्हणूनच विकलं जातं आणि त्याला स्वतःची किंमत आहे.

७. किंमत कशावर ठरते

आकडे देत नाही, कारण ते गावागावाला बदलतात. क्रम मात्र पक्का आहे. कोरीवकाम पहिलं, शंखाची अवस्था दुसरी, विषय तिसरा, चौकट चौथी. अनेक आकृत्यांचा पौराणिक प्रसंग एकट्या चेहऱ्यापेक्षा महाग, कारण त्यात कौशल्य आणि वेळ दोन्ही जास्त लागतात.

सर्वांत मोठा सापळा वजनाचा. सोन्याच्या चौकटीतला ब्रोच वजन करून ग्रॅमच्या भावाने सांगितला तर थांबा. त्या वजनात शंखही आला. तसंच 'व्हिक्टोरियन' आणि 'व्हिक्टोरियन स्टाइल' यांत शंभर वर्षांचं अंतर असू शकतं. पावतीवर पहिला शब्द लिहून मागा.

ऑनलाइन घेत असाल तर पाच फोटो मागा: दिवसाच्या उजेडात पुढून, मागून, मागे दिवा धरून, कडेने, आणि शेजारी पट्टी ठेवून. मागे दिवा धरून फोटो द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेऊ नका.

८. तोर्रे देल ग्रेकोला गेलात तर

नेपल्सहून सोरेंतोकडे जाणारी चिर्कुमव्हेसुव्हियाना ही लोकल तोर्रे देल ग्रेकोला थांबते. त्याच मार्गावर एर्कोलानो (म्हणजे हर्क्युलेनियम) आणि पाँपेई आहेत, एका दिवसात जोडता येतात. पाँपेईच्या सहलीच्या बसगाड्या कॅमिओच्या दुकानांपाशी थांबवतात. तिथे कारागीर कोरताना दाखवतात, ते जरूर बघा. खरेदी मात्र लगेच करू नका. बस थांबलेल्या वीस मिनिटांत भिंग लावून बघणं होत नाही. नेपल्समध्ये गॅलेरिया उंबेर्तोत पोवळं आणि कॅमिओचं छोटं संग्रहालय आहे. आधी तिथे डोळे तयार करा आणि मग दुकानात जा.

युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्यांना इटलीत एका दुकानातल्या ७० युरोंपेक्षा जास्त खरेदीवर कर परत मागता येतो. त्यासाठी पासपोर्ट दाखवून दुकानातच फॉर्म घ्यावा लागतो आणि युरोपीय संघ सोडण्याआधी शेवटच्या विमानतळावर कस्टम्सची मंजुरी लागते. वस्तू हातातल्या बॅगेत ठेवा, दाखवायला सांगतात.

९. भारतात नेताना लागणारे कागद

- पावती. तीवर शंखाचं शास्त्रीय नाव लिहून घ्या. 'शेल' एवढंच पुरत नाही.
- वस्तूचा अंदाजे काळ, चौकटीचा धातू आणि त्याचा कस.
- पुढून आणि मागून काढलेले फोटो.
- जुना वारशाने आलेला तुकडा असेल तर तो घरातला असल्याचं दाखवणारं काही: जुना फोटो, विम्याची नोंद, मृत्युपत्रातला उल्लेख.
- क्वीन काँच असेल तर साइट्सचा परवाना.

कोरलेला आणि सोन्यात जडवलेला असला तरी कायद्याच्या नजरेत तो प्राण्यापासून बनवलेली वस्तू असते. २०२२ च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव कायद्याच्या अनुसूच्यांची मांडणी बदलली आहे. म्हणून प्रवासाआधी आजची यादी आणि दागिन्यांवरचे कस्टम्सचे चालू नियम, दोन्ही वाचून घ्या. शंका असेल तर विमानतळावर लाल मार्गाने जा आणि स्वतःहून सांगा.

१०. घरी आणल्यावर

शंख कोरडा पडला की तडकतो. वर्षातून एकदा मऊ ब्रशने, कोमट पाण्यात सौम्य साबणाचा थेंब टाकून पुसा, लगेच कोरडा करा, मग बोटाला मिनरल ऑइलचा एक थेंब घेऊन हलकेच फिरवा. रात्रभर ठेवा आणि सकाळी उरलेलं कापडाने टिपून घ्या. पाण्यात बुडवून ठेवू नका. चौकटीच्या आत पाणी अडकतं. अमोनिया, टूथपेस्ट, अल्ट्रासोनिक मशीन, वाफ, सगळं वर्ज्य. अत्तर आणि हेअर स्प्रे आधी, ब्रोच नंतर.

ठेवायची जागा महत्त्वाची. लाकडी पेटीतून, विशेषतः ओकच्या, आम्लाची वाफ निघते आणि बंद जागेत ती शंखावर पांढरी भुकटी उठवते. इंग्रज शंखसंग्राहक लॉफ्टस बाईन याच्या नावाने संग्रहालयवाले या बिघाडाला ओळखतात. आम्लविरहित कागदात गुंडाळून हवा खेळेल अशा ठिकाणी ठेवा. उन्हात, किंवा दिव्याच्या ऊबेत असलेल्या शोकेसमध्ये नको.

साडीवर लावणार असाल तर जुन्या सी आकड्यावर विसंबू नका. पदराच्या ओढीने तो उघडतो. मागे छोटी सुरक्षा साखळी बसवून घ्या, आणि तलम रेशमापेक्षा शाल किंवा कोट निवडा. जुन्या सुया जाड असतात, रेशमाला भोक पाडतात.

साखळी बसवायला सोनाराकडे दिलात तर त्याला आधी सांगा की हा दगड नाही, शंख आहे. झाळण्याआधी कॅमिओ चौकटीतून काढायलाच हवा, कारण फुंकणीच्या आचेने पांढरा थर करपतो आणि सुटतो. परत बसवताना कोंदणाची कड चारी बाजूंनी थोडी थोडी दाबायला सांगा. एका जागी जोर दिला की तडा तिथूनच सुरू होतो. काम चालू असताना समोर बसता आलं तर बसा.